पांढरं ताट

तांबड्या रश्श्याच्या गावात
आमचं पोरगं पांढरं खातं.
भात, दही, सोललेलं केळं,
अंड्याचा बलक बोटानं ढकलून उरलेलं अंडं,
रविवारी पांढरा रस्सा,
तोही मिरं दाताखाली येणार नसेल तर.
सुयोग नाव. वय अकरा.
शब्द चार, त्यातले दोन 'नको'.

पाहुणे म्हणाले, लाडावलाय.
एक दिवस उपाशी ठेवा, कसा खात नाही बघू.
ठेवला.
संध्याकाळी आम्हीच हरलो.
तो भिंतीकडे बघत बसलेला,
भूक कशाला म्हणतात
हे कुणी सांगितलंच नसल्यासारखा.

शाळेतल्या इंगवले बाई म्हणाल्या, खडू खातो हो.
पांढराच. रंगीत तसेच ठेवतो.
आणि म्हणाल्या, गाजराचा तुकडा त्याच्या जिभेला
खिळ्यासारखा लागत असेल, आपल्याला काय ठाऊक?
खिळा म्हटल्यावर मला कळलं.

सीपीआरमध्ये मुल्लाणी मॅडमनी कागद वाचला:
लोह फार कमी आहे.
मी हसलो, चुकून.
एकवीस वर्षं उद्यमनगरात लोखंड ओततोय, मॅडम.
नखांत लोखंड, बनियनला लोखंड, डब्याच्या झाकणाला लोखंड.
चिमूटभर त्याच्या रक्तात नेता आलं नाही.

मग उज्ज्वलाची चोरी सुरू झाली.
फ्लॉवर उकडून भातात: पचली.
राजगिऱ्याचं पीठ दह्यात: निम्मी पचली.
नाचणी पकडली गेली.
पालकाचं तर विचारू नका,
आणि सिरपचा डाग अजून छताला आहे.
भिंतीला चुना मारला तेव्हा ती म्हणाली,
आता भिंत चाटेल बघा.
हसता हसता तिथंच खाली बसली.

पौषात मेहुण्याच्या गुऱ्हाळावर गेलो, शियेला.
काहील वाफ्यात उलटी झाली
आणि मी जागच्या जागी थांबलो.
तीच चाल. तसाच जड, घाई नसलेला ओघ,
वर तशीच धरणारी साय.
पोरगं माझ्या बोटाला, हलेना.
माझं काम त्यानं कधी बघितलं नव्हतं;
ठिणग्या, आवाज, म्हणून मीच नेलं नव्हतं.
शिदबा गुळव्याला याच्यातलं काहीच माहीत नव्हतं.
काकवीची वाटी दगडावर ठेवून
तो चुलवाणाकडे निघून गेला.
'खा' म्हणायला कुणी नव्हतं.
बोट वाटीत बुडालं.
बोट तोंडात गेलं.
उज्ज्वलानं माझा दंड धरला, नखं रुतेपर्यंत.
तपकिरी होती ती. काळीच म्हणा.

बाटली भरून घरी आणली.
वाटीत, नको.
चमच्यात, नको.
भातावर, ताट जमिनीवर.
चार दिवस मी बाटलीकडे बघत राहिलो
आणि पाचव्या दिवशी डोक्यात आलं
त्याला गोड नव्हतं हवं. ओतणं हवं होतं.

आता कामावरून आलो की हात धुतो,
रिकामं पांढरं ताट समोर,
आणि खांद्याच्या उंचीवरून
बारीक धार सोडतो, भट्टीवर सोडतो तशी,
मनगट न हलवता.
तो बघतो. पसरून थांबेपर्यंत बघतो.
मग एक बोट. कधी दोन.
काल एकही नाही.
मुल्लाणी मॅडम म्हणाल्या, एवढ्यानं भागायचं नाही,
पण बंद करू नका.
मध्येच धार तुटली तर माझा हात धरून
म्हणतो, परत.
हा पाचवा.
रक्त मार्चमध्ये तपासायचं आहे.