पावलांची वही

सप्टेंबर उतरला की उर्मियात
अंगण कुणाचं हे कुणी विचारत नाही.
जागा मिळेल तिथे द्राक्षं पसरतात:
गच्चीवर, चर्चमागच्या उतारावर,
हैदरअलीच्या बंद पडलेल्या ट्रकच्या टपावरसुद्धा.
क्षाराच्या पाण्यातून काढलेले घड
आधी काचेचे, मग मधाचे,
मग एका सकाळी बेदाणे,
आणि गावभर गांधीलमाशा, पाहुण्यांसारख्या,
जायचं नाव न काढणाऱ्या.

माझा बाप, ओशाना, बोटीवर तिकिटं फाडायचा.
बोट अजून आहे. मिठावर उभी.
तिच्या सावलीत कुत्री झोपतात.
तळं हटलं, पण बापाला कुणी घरी जा म्हटलं नाही,
म्हणून तो रोज जातो,
धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहतो
आणि पाण्यापर्यंत चालत मोजतो.
मग वहीत तारीख, वारा, पावलं.

मी जन्मले तेव्हा: शून्य. पायरी ओली.
मला शाळेत घातलं: एकशे चाळीस.
नहरीन स्वीडनला गेली: नऊशे सहा.
पुढे वहीत लग्नं नाहीत, मयती नाहीत,
नुसते आकडे,
आणि कधीमधी समासात, बारीक अक्षरात:
आज फ्लेमिंगो, तीन.

पूर्वेचा वारा सुटला की
वेलींच्या पानांच्या कडा करपतात.
आई सफरचंद फडक्यानं पुसते,
जिभेच्या टोकानं चाखते,
मगच आमच्या हातात देते.

बागेत आमची विहीर आहे.
बापानंच खणली, उमेदीच्या वर्षात, नव्वद हात.
पाणी लागलं तेव्हा त्यानं गल्लीत नुक्ल वाटला होता.
शेजाऱ्यांनी पाहिलं. त्यांनीही खणल्या.
हे वहीत नाही.

यंदा जूनमध्ये त्यानं मोटरची कळ खाली ओढली.
काठाच्या चार ओळी वाळल्या.
आईनं विचारलं, तर म्हणाला,
"त्यांचं पाणी त्याला दिलं."
त्याला म्हणजे कुणाला, हे आईनं विचारलं नाही.

काल तो उशिरा आला. बूट पांढरे.
वही उघडून बराच वेळ नुसता बसला.
आकडा वाढला होता.

आई बेदाण्यांचे देठ खुडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"तळं असेल तिथंच.
तुमची पावलं आखूड झालीत."

त्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं,
जणू कुणाचे तरी इथे विसरून राहिलेत.
मग मूठभर बेदाणे खिशात टाकले
आणि मला म्हणाला,
"उद्या तू चल."