दुधाचा रकाना

मढच्या किनाऱ्यावर सकाळी सातला ती पडलेली होती.
आठ फूट दोन इंच. टेप मी धरली होती शेपटीकडून,
तोंडाकडून डॉक्टर फरझाना.
मधे माश्या, आणि जोमा टपकेची दोन कुत्री,
हाकलली की चार पावलं जायची
आणि परत येऊन शिस्तीत बसायची.

जोमा म्हणाला, गादा हाय. आमी नाय मारीत.
जाल्यान घावला त जाला कापताव.
कोणी विचारलं नव्हतं त्याला.

मी फॉर्म भरत होते.
लिंग: मादी. दात: झिजलेले.
जखमा: डाव्या पराजवळ दोरीचा वळ.
मग डॉक्टरांनी पोटाखालची एक बारीक चीर
दोन बोटांनी दाबली
आणि दूध आलं.

घट्ट. गाय व्याल्यावर पहिल्या दिवशी येतो तसा चीक.
वाळूने ते प्यायलं नाही, वरच ठेवलं.
फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.
शेऱ्यात लिहिलं, दूध आहे.
खोडलं.
पुन्हा लिहिलं.

घरी, चारकोपला, बुटाच्या खोक्यात एक आहे.
सोसायटीने बदाम छाटायला माणसं बोलावली होती,
फांदीबरोबर घरटं खाली आलं:
काथ्या, कोणाच्या तरी उशीतली सावर,
माझ्याच पोछ्याचे निळे दोरे.
त्यात हे, डोळे मिटलेलं,
पाठीवर रेघा पेन्सिलने काढल्यासारख्या फिक्या.

गाईचं नको, पोट फुगेल, फरझाना फोनवर म्हणाली होती.
शेळीचं दे, कोमट, दर तीन तासांनी.
आणि आधी हात गरम कर.
शेळीचं दूध मालवणीत मुख्तारभाईंकडे मिळालं.
खारीला? त्यांनी दोनदा विचारलं,
दोनदा हसले, पैसे घेतले नाहीत.

आता कोणी विचारलं, या दोघींत सारखं काय,
तर मी काय सांगू?
एकीचं झाड संपलं की केबलची तार सुरू होते,
दुसरीचा तळ कुठे सुरू होतो तेच माहीत नाही.
एक श्वास घेते ते कोणाला दिसत नाही.
दुसरी श्वासापुरती वर येते
आणि बोटीतली माणसं टाळ्या वाजवतात.
एकीच्या अंगभर लव.
दुसरीला म्हणे जन्मताना ओठांवर चार-सहा केस असतात,
जमिनीवरच्या माहेराहून आणलेले,
ते लवकरच झडतात.

पण पर उघडला तेव्हा आत बोटं होती.
पाच. मनगटासकट.
हातमोजा घालून कोणी झोपावं तशी.
आणि खोक्यातलं हे माझी करंगळी धरतं
तेव्हा मी मोजते: चार.
पाचवा अंगठा, नावापुरता, एक टोक फक्त.

खारीचा वाटा म्हणतात.
तो किती असतो ते मला आता ठाऊक आहे.
एक मिलिलीटर. सिरिंजवर खूण आहे.
त्याहून जास्त दिलं की नाकातून येतं.

निघताना जोमा जाळं झटकत म्हणाला,
बारका हाय एक. दोन दिस खडपाजवल फिरतंय.
डॉक्टरांनी समुद्राकडे पाहिलं, मी फॉर्मकडे.
सही करायची जागा तेवढी उरली होती.

रात्री दोनचा गजर.
हात काखेत धरून गरम करते.
नाक वर येतं, आंधळं, बरोबर दुधाच्या दिशेने,
कोणी शिकवलं नाही.
एक थेंब चुकतो, नाकपुडीवर बुडबुडा धरतो,
मी घाईने पुसते, उलटं धरते, थांबते.
शिंकतं.
बुडायचं म्हटलं तर यालाही बुडता येतं.
त्यालाही.

खिडकीबाहेर छाटलेला बदाम.
त्याच्या पलीकडे इमारती, पलीकडे खाडी,
खाडीला ओहोटी असेल आत्ता, खडपं उघडी पडली असतील.
सिरिंज धुते.
पाचचा गजर लावते.