तिसरी रांग

डंडीच्या तागगिरण्यांत इतका खडखडाट
की बायका बोलायच्याच नाहीत, नुसते ओठ हलवायच्या.
इशबेल गेडिसची आई अठरा वर्षं मागावर उभी राहिली,
दोन्ही कान गिरणीला देऊन आली,
आणि लेकीला शेगडीपाशी शिकवलं ते एवढंच:
माणसाचा आवाज ऐकू नकोस, तोंड बघ.

इशबेल मुरंब्याच्या कारखान्यात हिशेबनीस.
संत्र्यांच्या पेट्या, साखरेची पोती,
शुक्रवारी पाकीट.
अर्धं घरात, अर्धं बिस्किटांच्या डब्यात.
अठ्ठावन्नच्या जानेवारीत तिनं डबा उपडा केला
आणि चाळीस शेअर मागितले
दोरखंड वळणाऱ्या एका कंपनीचे,
जिचं नाव ब्रोकरनं दोनदा विचारलं.
मग विचारलं, मिस्टर गेडिसना माहीत आहे ना?
ती म्हणाली, मिस्टर गेडिसना टे नदीत बुडून बारा वर्षं झाली.
तुम्ही पावती फाडा.

ताग मात्र तिनं कधी घेतला नाही.
"तिथला लाभांश आम्हाला आधीच मिळालाय," म्हणायची,
आणि कानाला हात लावायची.
व्हेल मारणाऱ्या बोटींत सत्तर पौंड बुडाले,
ते मात्र हसत सांगायची, व्हेलच्या बाजूनं.

वार्षिक सभेला तिसऱ्या रांगेत.
पहिलीत नातेवाईक, दुसरीत वकील,
तिसरीतून मंचावरचे ओठ स्वच्छ दिसतात.
अध्यक्ष माइकवर म्हणायचे, वर्ष समाधानकारक,
आणि बसता बसता शेजाऱ्याला जे पुटपुटायचे
ते सभागृहात फक्त तिला पोचायचं.
त्यावर कधी विकलं का, मी एकदा विचारलं.
"ते माझ्याशी कुठे बोलत होते?"

ती गेल्यावर वह्या माझ्याकडे आल्या.
एकावन्न वर्षं, एकच बारीक अक्षर.
चौऱ्याहत्तर साली, सभेच्या दुसऱ्या दिवशी,
एक विक्री. सगळेच्या सगळे.
समासात पेन्सिलीनं: आईला सांगायचं नाही.
आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.
ते पैसे वेगळ्या पासबुकात,
एकदाही न काढलेले,
व्याज मात्र दर वर्षी बिनबोभाट जमा.

मी वकिलाच्या कचेरीतला कारकून.
मृत्युपत्राचा मसुदा वाचून दाखवायला गेलो होतो
तिच्या तिसऱ्या मजल्यावर. कोपरांना ठिगळं लावलेला
स्वेटर, खिडकीत एकच खुर्ची, ती मला दिली.
तोवर तिलाही ऐकू येईनासं झालं होतं.
कागदाकडे तिनं पाहिलंच नाही,
माझ्या तोंडाकडे पाहत राहिली,
आणि मी आयुष्यात पहिल्यांदा
प्रत्येक अक्षर नीट उच्चारलं.
एकूण रकमेपाशी आलो
तेव्हा माझे ओठ कोरडे पडले.
तिनं ते वाचलं.
काही न बोलता
पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.