ळ

दोंडाईच्यात माघ लागला की जमीन दिसत नाही.
मार्केटच्या मागे नुसती मिरची पसरलेली,
आणि आम्ही तीस-चाळीस बाया तिच्या कडेला बसून
देठ खुडतो. किलोमागे पैसे.
हात डोळ्याला लावायचा नाही, हे पहिलं शिक्षण.
ते कुणी शिकवलं नाही. डोळ्यानेच शिकवलं.

बाकीचं त्रेपन्नाव्या वर्षी सुरू केलं.
भाच्याने, गुलाबने, अंकलिपी आणून दिली.
म्हणाला, फुई, घाई नाही, परीक्षा नाही.
मी म्हटलं, मग मजुरीही नसेल.

रोज एक अक्षर म्हणतात. माझं तसं नाही.
'ग' एका दुपारीत आला.
'र' तर देठच, वाकलेला, तो आधीपासून हातात होता.
'क्ष'ला अजून शिवले नाही,
बसलाय तिथे शेवटच्या पानावर, बसू दे.
'ळ'ला बारा दिवस लागले.
हाताला नाही. तोंडाला.

आमच्या तोंडात हे अक्षर नाहीच.
डोळा आमचा डोया, शाळा शाया,
नळाला आम्ही नय म्हणतो
आणि पाणी तरी येतं, चार दिवसांनी का होईना.
मी केवय.
माय केवय म्हणाली, नवरा म्हणाला, मुकादम म्हणाला,
प्रत्येक हाकेला मी ओ दिली.
मग एके रात्री आधार कार्ड दिव्याखाली धरलं :
के, व, ळ, बा, ई.
माझ्या नावाच्या मधोमध ठाण मांडून बसलेलं,
आणि आमची ओळखही नव्हती.

त्यानंतर दिसेल ते वाचत सुटले.
पोत्यांवरचं, बिडीच्या बंडलावरचं, दवाखान्याच्या भिंतीवरचं.
एस.टी.ची पाटी वाचून होईपर्यंत एस.टी. गेली.
नंदुरबार होतं. बरोबर वाचलं होतं.
दुसरी गाडी दीड तासाने.

बँकेत पैसे भरायची चिठ्ठी घेतली
तर खालच्या चौकटीत माझं नाव आधीच छापलेलं!
'केवळ', आणि पुढे बरंच लांब काहीतरी,
तेवढं वाचायला मागची रांग थांबेना.
मी त्या चौकटीत मावेल तेवढ्या मोठ्या अक्षरात
पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्यासकट, आडनावासकट.
साहेब म्हणाले, मावशी, इथे लिहायचं नसतं,
ही जागा आमची.
मी म्हटलं, नाव तर माझं आहे.
ते हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं.
म्हणाले, केवळ म्हणजे फक्त.
फक्त काय, ते सांगितलं नाही. रांग मोठी होती.
दुसरी चिठ्ठी दिली. शाईचा डबा पुढे सरकवला सवयीने,
मी तो तसाच मागे सरकवला.

घरी येताना सबंध रस्ता ते डोक्यात.
चार पोरींनंतरची मी पाचवी.
बापाने फक्त म्हणून ठेवलं असेल का,
की झालं आता, एवढीच?
विचारायला तो नाही. आणि असता तरी
त्यालाही 'ळ' म्हणता येत नव्हता.

आता रात्री मोबाइलमध्ये धडा वाचते
आणि माझाच आवाज परत लावते.
कोण ही बाई, एवढी का ओरडते,
सगळ्या पोत्यांना ऐकू जावं असं?
'कमळ बघ' नीट म्हणते, 'बाळ बघ' नीट,
तिसऱ्या ओळीत 'फळा'चं फय होतं.
ते मी पुसत नाही.
शेजारची मंजा भिंतीपलीकडून विचारते,
काय करी राहिनी वं, केवय?
आयकी राहिनू, म्हणते.
कोनले?
मलेच.

काल वहीत पहिलं माझं वाक्य लिहिलं,
पुस्तकात नसलेलं.
पुस्तकात सगळीकडे आहे, आहे.
मिरची लाल आहे. घर लहान आहे.
मी तसं लिहायला घेतलं, आणि हात थांबला.
'ळ' त्यांचा घेतला मी, बारा दिवस घालून,
तर एक शब्द माझाही राहू दे त्या ओळीत.
लिहिलं :
मी केवळ शे.

चुकलं असेल. गुलाब रविवारी येईल तेव्हा बघेल.
उद्या नवा माल उतरणार आहे, लवकर जायचं आहे.