गुरुवारी मिळेल

रुवीतल्या कुंजुमोनची लॉण्ड्री बंद पडली
तेव्हा तिची व्हॅन आम्ही घेतली.
मागे गादी टाकली, शेगडी, पाण्याचे चार कॅन.
छताखालची लोखंडी दांडी श्रीपादनं काढू दिली नाही,
म्हणाला, पडदा लावू.
पडदा राहिलाच.
हँगर मात्र होते, अकरा,
वळण आलं की एकमेकांना ढोसत कुजबुजणारे,
लग्नाच्या हॉलमधल्या मागच्या रांगेसारखे.

चाळीसच्या वर गाडी थरथरते.
थरथरू दे, आम्हाला कुठे मुहूर्त गाठायचाय.
बावीस वर्षं मी रक्ताच्या नळ्यांवर
वेळ लिहीत आले : सहा दहा. सहा बारा.
आज घड्याळ डॅशबोर्डच्या कप्प्यात,
खजुराच्या बियांच्या सोबतीला.

कुरियात मागे पडलं आणि डोंगर अंगावर आले.
पहिल्या वर्षी हे उघडे डोंगर पाहून वाटलं होतं,
कुणीतरी भाड्याचं घर रिकामं करून गेलंय.
आता रंग ओळखू येतात.
हा तव्याच्या बुडाचा,
तो न घासलेल्या तांब्याच्या परातीचा.

बकऱ्या आल्या, थांबलो.
एकीला आमच्या आरशातली बकरी पटेना,
ती जाईपर्यंत थांबलो.
पुढच्या गावात एक मुलगा पाटाच्या तोंडातला
चिंध्यांचा बोळा काढून
पाणी एका बागेतून दुसऱ्या बागेत पाठवत होता,
पाळी कुणाची ते मोबाईलवर बघून.
तिथेही थांबलो. पाणी वळेपर्यंत.

त्यापुढच्या गावाची पाटी उन्हानं पुसलेली.
गाडीवरची अक्षरं आम्हीही खरवडली होती,
पण त्यांच्याखालचा पत्रा कधी उन्हात भाजलाच नव्हता,
पांढऱ्यावर अधिक पांढरं : लॉण्ड्री.
खल्फान म्हाताऱ्यानं ते बरोबर वाचलं.
काही न बोलता आत गेला
आणि तीन दिशदाशा घेऊन आला, नीट घडी केलेल्या,
एकीच्या गळ्याला कॉफीचा डाग.

श्रीपादनं मोडक्या अरबीत सांगितलं,
आम्ही धोबी नाही. फिरायला आलोय. तळ्याकडे.
म्हातारा ऐकत राहिला,
आपल्या धंद्याला लाजणाऱ्या माणसाचं ऐकावं तसं,
मायेनं,
आणि आतून कहवा आणला. खजूर आणले.
तिसऱ्या पेल्यानंतर नाही कसं म्हणायचं?
"गुरुवारी?" त्यानं विचारलं.
मीच म्हटलं, गुरुवारी मिळेल.

तळं म्हणजे खरं तर धरण.
पण डोंगरांना ते माहीत नसावं,
ते आपले वाकून तोंड बघत होते.
पाण्यात उतरू नये अशी पाटी होती. उतरलो नाही.
कॅनमधलं पाणी बादलीत ओतलं,
डागावर लिंबू चोळलं, मीठ चोळलं,
दिवस मावळेपर्यंत मी एका अनोळखी माणसाचा गळा धूत बसले.

तिन्ही दांडीला टांगल्या, मागचं दार उघडं ठेवलं.
रात्री वारा बाह्यांत शिरला,
आणि आमच्या पायथ्याशी तीन पाहुणे उभे राहिले,
बसा म्हटलं तरी न बसणारे.
श्रीपाद अंधारातच म्हणाला,
पुढच्या महिन्यात व्हिसा संपेल,
गाडी कुणाला द्यायची?
मी झोपलेली होते. म्हणजे, तसं समजून तो गप्प झाला.

सकाळी तळं दिसलं ते कापडांच्या फटींतून,
एक लांबट हिरवी पट्टी, मग पांढरं, मग एक बदक,
मग पांढरं.
हात लांबवून बाजूला सारता आलं असतं.

आज मंगळवार.
गाव अठरा किलोमीटर मागे,
आमच्या चालीनंही अर्ध्या तासाचं.
श्रीपाद किल्ली शोधतोय.
मी म्हटलं, राहू दे, चहा ठेव.
दोन सुकल्यात.
तिसरीचा गळा अजून ओला आहे.