मच्छीपीठहून, बर्फात

सकाळी सहाला याकूबभाई पिशवीत बांधून देतात
बोकडाच्या दोन ग्रंथी. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या,
चरबीतून बोटानं सोडवलेल्या, अजून कोमट.
मी थर्मासात बर्फावर ठेवते, स्कूटरला किक मारते.

रात्री पाणी चढलेलं. काळा घोड्याच्या पुलावर गर्दी.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर,
जबडा उघडा, कुणाला काही विचारून
उत्तराची वाट बघत असल्यासारखा.
मी पाहिलं, आणि पाहिलं हे कळायच्या आत
कण्यातून निघालेली एक तार
माझ्याच ग्रंथीच्या उंबऱ्यावर
थेंबभर ॲसिटिलकोलीन सांडून गेली.
तोंड कोरडं. तळवे ओले. ब्रेक आपोआप.

आजच्या पेशी उबवणीत ठेवल्या.
सूक्ष्मदर्शकाखाली मंगळवारच्या.

मूळ घराणं मज्जातंतूंचं.
गर्भात भावंडांबरोबरच निघाल्या होत्या,
मध्येच इथे थबकल्या
आणि यांना लांब हात फुटलेच नाहीत.
हात नसलेल्यानं चिठ्ठी द्यायची कशी?
रक्तात टाकून देतात. ज्याला मिळेल त्यानं वाचावी:
काळजानं, बुबुळानं,
अंगावरच्या लवेनं.

केसाहून बारीक कार्बनचा धागा
पेशीला जेमतेम टेकवते.
वरून ॲसिटिलकोलीनची एक फुंकर.
आधी सोडियम आत घुसतं, मागोमाग कॅल्शियम,
आणि पडद्यावर सुळके उठतात.
एक सुळका म्हणजे फुटलेली एक पुडी.

हेतल म्हणते, सुळके सगळेच मोजतात, तू पायथा बघ.
खरंच, काही सुळक्यांच्या आधी छोटीशी पायरी असते.
दार किलकिलं होतं, थोडं ॲड्रेनलीन झिरपतं,
मग धाडकन उघडतं.
कधी नुसतंच किलकिलं होऊन मिटतं,
जसं आपण एखाद्याचं नाव ओठांवर आणून गिळतो.
ही भीती कुणाची म्हणायची?
इथे मगर नाही, सुरी नाही,
बोकडही नाही.

गुरुवारी याकूबभाईंनी पैसे न मोजताच खिशात टाकले.
"बेन, एक विचारू? तुमच्या त्या मशीनमध्ये दिसतं का,
तो घाबरला होता ते?
मी डोळ्यांवर हात ठेवतो त्याच्या. दर वेळी."

दोन दिवसांत पेशी सगळं विसरतात, मी म्हटलं.
हे अर्धंच खरं.

वहीच्या शेवटच्या पानावर, सरांना न दाखवता,
मी दोन रकाने आखलेत:
याकूबभाईंचे, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले.
आणल्या दिवशीच किती पुड्या भरलेल्या, किती रित्या.
नमुने तीन-तीन. एवढ्यावरून काही म्हणता येत नाही.

तरी त्या दिवसापासून
कोपऱ्यावर स्कूटर वळत नाही.
म्हणजे तिकडचे नमुने तीनच राहणार.