सगळे राग बिलावल

रात्री अडीच वाजता, मी झोपेत असताना,
कॉम्प्युटरनं स्वतःला नवं करून घेतलं.
सकाळी पडद्यावर कुठलासा बर्फाचा डोंगर,
खाली लिहिलेलं, स्वागत आहे.
माझ्याच घरात, पाचपावलीत, मला.

भीमपलास उघडला.
गंधाराखालची रेघ नाही, निषादाखालची नाही.
यमन उघडला, तर मध्यमाच्या डोक्यावरची काडी गेलेली.
भैरवीच्या चारही रेघा
कोणी ओल्या फडक्यानं पुसून घ्याव्यात तशा.
मंद्राचे ठिपके गळून पडलेले. मींडेच्या जागी
रिकामे चौकोन, एकाला लागून एक.
दोनशे बारा बंदिशी,
आणि सगळे राग बिलावल.

सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळला,
ई-रिक्षात मांडीवर घेऊन सीताबर्डीला गेले.
मे महिना. तोंडाला दुपट्टा. शेजारची बाई म्हणाली,
"लेकराला ऊन लागन ना जी."

दुकानातला प्रज्वल गजभिये, बाविशीचा असेल.
"म्याडम, हे नव्यावर चालून नाही राहिलं."
काहून?
"बनवणारी कंपनीच गेली ना. फॉन्टबी जुना.
तुम्ही अपडेट काहून होऊ दिलं?"
जसं काही मी दार उघडं टाकून झोपले होते.
मग हळूच, "त्या रेघा लयच महत्त्वाच्या आहेत का?"

इन्व्हर्टरच्या घूंवर षड्ज धरला
आणि तिथंच, चार्जरच्या गठ्ठ्यांसमोर,
त्याला ग म्हणून दाखवला. मग रेघेचा ग.
तो पेचकस धरून थांबला.
"दुसरा जरासा घरी जाऊन राहिला," म्हणाला.
पैसे घेतले नाहीत.
जुनं परत बसवून बघतो म्हणाला,
बघितलं, आणि बसलं नाही.

बाईंना हे यंत्र कधी आवडलं नव्हतं.
मी पेटीवर साथ करायची, रात्री टाइप करायची;
त्या चष्मा न लावता पडद्याकडे बघत
आणि विचारत, श्वास कुठं घ्यायचा ते यात कुठं येतं गं?
त्या गेल्या. वह्या भंडाऱ्याला पुतण्याकडे गेल्या,
तिथून वाळवीकडे.

आता मी कागद छापते
आणि पेनानं रेघा ओढते. कोमल रे, कोमल ध.
कूलरचं पाणी संपतं, उठून बादली ओतते,
परत येऊन तोडी. रेघ, रेघ, रेघ.
रोज दहा बंदिशी. कधी आठ.
शाल्मली हेडाऊनं परवा क्लासमध्ये
न दुरुस्त केलेला कागद बघून मालकंस म्हटला,
सगळा शुद्ध, अगदी सुरात, मान ताठ ठेवून.
तबल्यावरचे किसनजी वाजवायचे थांबले.
"कागदावर असंच आहे," ती म्हणाली.
आणि तसंच होतं.

काल रात्री पिलू आला.
पिलूत दोन्ही गंधार चालतात.
अंतऱ्यातली दुसरी ओळ, तिसरी मात्रा:
इथं मी रेघ दिली होती. नऊ वर्षं
मुली तिथं कोमल गातात.
पण बाईंनी कोमल सांगितला होता,
की रात्री एक वाजता, डोळे मिटत असताना,
माझंच बोट चुकीच्या कळीवर पडलं होतं?
विचारायला कोणी नाही.
यंत्रानं माझी चूक इमानानं सांभाळली असेल,
आणि पुसली तीही यंत्रानंच.
की चूक नव्हतीच.

दोन्हीनं गाऊन बघितलं, अगदी हळू.
वरच्या मजल्यावर कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.
दोन्ही बरे वाटले. शुद्ध जरा जास्तच बरा,
पण तो नवा असल्यामुळंही असेल.

कोपऱ्यात छोटी चौकट उघडली:
आणखी एक अपडेट आहे, आत्ता करू की रात्री?
नंतर, वर बोट ठेवलं.
पेन बाजूला केलं, पेन्सिल शोधली,
आणि गंधाराखाली
फिकी रेघ ओढली,
खोडता येईल एवढी.